बॅग भरण्याआधी: मोठ्या आपत्तीनंतर डॉक्टरांनी मदत करावी कशी, आणि निघू कधी नये

मोठा भूकंप झाला, पुराने शहर बुडालं, चक्रीवादळाने किनारा झोडपला की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात तोच मेसेज येतो: ‘मी निघतोय. कोण कोण येतंय?’ त्याखाली दहा-बारा अंगठे उमटतात. कोणी बँडेजची खोकी गोळा करायला लागतं, कोणी कपाटातले औषधांचे नमुने पिशवीत भरतं, कोणी रजेचा अर्ज टाकतं. या उमाळ्यात खोट काही नाही. उभं आयुष्य रुग्ण तपासण्यात घालवलेल्या माणसाला ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं टीव्हीवर नुसती बघत बसवत नाही.

पण आपत्तीच्या जागी काम केलेल्यांना विचारून बघा. न बोलावता येऊन थडकणाऱ्या अशा मंडळींसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे: अनाहूत स्वयंसेवक. आणि तो कौतुकाने उच्चारला जात नाही. ज्याची सगळ्यात जास्त गरज असायला हवी तो डॉक्टरच तिथे डोईजड का होतो? आणि मग ज्याला खरोखर काही करायचं आहे त्याने काय करावं?

तुटवडा नेमका कशाचा असतो?

शंभर पानांचा स्वयंपाक चालू असलेल्या परक्या घरात तुम्ही मदतीला शिरलात असं समजा. हाताला चव आहे, उत्साहही आहे. पण मीठ कुठे ठेवलंय, कुठल्या पातेल्यात काय आधीच पडलंय, गॅस किती उरलाय, यातलं काही ठाऊक नाही. दर दोन मिनिटांनी विचारावं लागतं आणि तुम्ही विचारलंत की कोणाचा तरी चालता हात थांबतो. अशा दहा सुगरणी एकदम आल्या तर जेवण लवकर होत नाही, उशिराच होतं.

आपत्तीनंतरचं रुग्णालय हे असलंच स्वयंपाकघर, फक्त वर छप्पर असेलच असं नाही. तिथे वीज नसते, पाणी मोजून मिळतं, ऑक्सिजनचे सिलिंडर संपत आलेले असतात, निर्जंतुक केलेली हत्यारं पुरत नाहीत. निम्मे कर्मचारी स्वतःच घर गमावून बसलेले असतात. अशा ठिकाणी एकटा शल्यचिकित्सक जाऊन करणार काय? भूल देणारा हवा, टेबलाशी उभी राहणारी परिचारिका हवी, हत्यारं उकळणारं यंत्र हवं, त्या यंत्राला वीज हवी, ऑपरेशननंतर रुग्णाला ठेवायला खाट हवी आणि रात्री त्या खाटेशी कोणीतरी हवं. डॉक्टर हा या साखळीचा एक दुवा. बाकीची साखळी तुटलेली असेल तर सुटा दुवा खिशात घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

शिवाय डॉक्टरलाही जेवण, झोप, संडास लागतो. मदतकार्यासाठी ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांत पिणं, रांधणं आणि स्वच्छता धरून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरलेलं आहे. बाधितांनाच ते मिळत नसताना तुम्ही रिकाम्या हातांनी पोचलात तर रांगेत आणखी एक माणूस वाढतो, इतकंच.

आणि जिवाचा धोका असतो तो वेगळाच. १९९५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला बॉम्बस्फोटात इमारत कोसळली, तेव्हा मदतीला धावून गेलेली एक परिचारिका डोक्याला मार लागून दगावली. ती आपत्ती नैसर्गिक नव्हती, पण अर्धवट पडलेली भिंत कारण विचारत नाही. भूकंपानंतर तर मागाहून धक्के येतच राहतात. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा धक्का बसला होता.

पहिले दोन दिवस कोणाचे?

भूकंपात गंभीर जखमी झालेल्यांचा जीव वाचवण्याची खरी मुदत साधारण पहिल्या एक-दोन दिवसांची. त्या मुदतीत माणसं बाहेर ओढतात ती शेजारीपाजारी, नातेवाईक, गल्लीतली पोरं. आणि पहिली मलमपट्टी करतात ते तिथले, त्याच गावातले डॉक्टर. दूरदेशाहून निघालेलं फिरतं रुग्णालय विमानातून उतरून, जागा मिळवून, तंबू ठोकून सुरू होईपर्यंत तीन-चार दिवस सहज जातात. डिसेंबर २००३ मध्ये इराणमधलं बाम शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं तेव्हा इराणने हजारो जखमींना पहिल्या काही दिवसांतच विमानांनी दुसऱ्या शहरांत हलवलं. परदेशी रुग्णालयं उभी राहिली तोवर ज्या जखमींसाठी ती आली होती ते तिथे उरलेच नव्हते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मग लवकर पोचायचं तर काय करावं लागतं? याचं उत्तर जपानने शोधलं. १९९५ च्या कोबे भूकंपात ६,४०० हून अधिक माणसं गेली. त्यातली सुमारे ५०० वेळेवर नेहमीच्या दर्जाचे उपचार मिळाले असते तर वाचली असती, असा हिशोब नंतर मांडला गेला. तेव्हा जपानने आधीपासून प्रशिक्षित, सामान बांधून तयार असलेली वैद्यकीय पथकं २००५ मध्ये रीतसर उभी केली. डॉक्टर, परिचारिका आणि सामानसुमान-वाहनं बघणारा माणूस असा छोटा चमू. पहिल्या ४८ तासांत कामाला लागायचं.

आणि मग ११ मार्च २०११ उजाडला. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठा भूकंप आणि त्यामागून त्सुनामी. शेकडो पथकं निघाली, वेळेवर पोचलीही. पण त्सुनामीने हिशोबच बदलला होता. लाटेत सापडलेली माणसं एक तर बुडून गेली होती किंवा धडधाकट वाचली होती. हाडं मोडलेल्यांची ज्यांनी तयारी केली होती त्यांच्यासमोर आली ती रक्तदाबाच्या गोळ्या वाहून गेलेली म्हातारी माणसं, डायलिसिस चुकलेले रुग्ण आणि वीज गेलेल्या रुग्णालयांतून हलवायचे वृद्ध. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. सर्वांत तयार देशाच्या सर्वांत तयार पथकांनाही गरज काय आहे हे तिथे गेल्यावर कळलं. तर फोनवरच्या चार व्हिडिओंवरून तुम्हाआम्हाला ती कशी कळणार?

टीव्हीवर दिसत नाहीत ते मृत्यू

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने प्युर्टो रिको बेट मोडून टाकलं. सरकारी मृतांचा आकडा कित्येक महिने ६४ होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने वादळानंतरच्या पाच-सहा महिन्यांत नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली ते मोजलं, तेव्हा आकडा निघाला २,९७५, आणि २०१८ मध्ये सरकारने तोच स्वीकारला. वारा आणि पाणी यांनी थेट मारलेली माणसं थोडी. महिनोन्‌महिने वीज नाही, रस्ते नाहीत, दवाखाने बंद, यात जुन्या आजारांची माणसं आणि म्हातारी माणसं हळूहळू गेली.

म्हणजे साधा फिजिशियन, जो सांगतो ‘मला काय येतं? मी तर फक्त शुगर आणि बीपी बघतो’, तोच दुसऱ्या आठवड्यापासून मोलाचा. बाळंतपणंही आपत्तीसाठी थांबत नाहीत.

मूत्रपिंडाचं उदाहरण मुद्दाम सांगतो. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास चेपलेला पाय मोकळा केला की मेलेल्या स्नायूंमधली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. बाहेर काढला तेव्हा बोलत असलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपानंतर अशा ६३९ रुग्णांची नोंद झाली आणि त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस द्यावं लागलं. इथे कामाला येतात ते डायलिसिस चालवणारे तंत्रज्ञ, मूत्रपिंडतज्ज्ञ आणि त्याहूनही आधी, माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच शिरेतून सलाइन सुरू करणारा हात. यासाठी मूत्रपिंडतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना आधीपासून पथकं आणि याद्या तयार ठेवते. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात यंत्रं, माणसं सगळं येऊनही गोंधळ कसा होतो ते बघितल्यावर सुचलेलं हे शहाणपण.

हैतीने काय शिकवलं?

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला आणि जगभरातून वैद्यकीय पथकं राजधानीत उतरली. त्यात अनुभवी संस्था होत्या आणि चार मित्रांनी तिकीट काढून केलेले गटही होते. कोण आलंय, काय करतंय, किती दिवस राहणार आहे, याची धड नोंद नव्हती. हात-पाय कापायच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्या. त्यातल्या अनेकांची कागदावर नोंदच राहिली नाही. शस्त्रक्रिया करणारा आठवड्याने परत गेला. टाके कोणी काढायचे, जखम चिघळली तर कोणाकडे जायचं, कृत्रिम पाय कोण बसवणार, हे प्रश्न रुग्णाच्या पदरात टाकून.

यातून जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान मानकं आणली. आज त्यांना ‘आपत्कालीन वैद्यकीय पथक’ म्हणतात. कल्पना सोपी आहे: तुम्ही कोण आहात ते नंतर सांगा, काय करू शकता ते आधी आकड्यांत सांगा. पथकांचे तीन प्रकार केले. पहिल्या प्रकारचं एका जागी बसणारं पथक दिवसाला किमान १०० बाह्यरुग्ण बघेल. दुसऱ्या प्रकारच्या पथकाकडे किमान २० खाटा हव्यात आणि दिवसाला ७ मोठ्या किंवा १५ छोट्या शस्त्रक्रिया करायची ताकद हवी. तिसऱ्या प्रकारात याच्या दुप्पट क्षमता आणि अतिदक्षता विभागही. पथकाने स्वतःचं पाणी, वीज, अन्न, औषधं, कचऱ्याची विल्हेवाट, सगळं बरोबर आणायचं. यजमानावर भार टाकायचा नाही. पोचल्यावर तिथल्या आरोग्य खात्याच्या समन्वय कक्षात नोंद करायची, सांगितलेल्या जागी जायचं आणि रोज किती रुग्ण बघितले ते कळवायचं. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर शंभराहून अधिक परदेशी पथकं आली. समन्वयाची गरज किती, ते या एका आकड्यावरून कळावं.

हैतीची आणखी एक आठवण सांगायलाच हवी. भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, तिथे कॉलऱ्याची साथ आली. त्याआधी शतकभरात हैतीत कॉलऱ्याची नोंद नव्हती. जंतू आला तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेल्यामुळे. सुमारे दहा हजार माणसं दगावली आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २०१६ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. ते शांतिसैनिक डॉक्टर नव्हते, हे खरं. पण बाहेरून येणारा माणूस फक्त मदतच घेऊन येतो असं नाही. लसी घेतलेल्या असणं, आजारी असताना न जाणं, आपल्या तळाच्या संडासाची सोय आधी करणं हे सगळं वैद्यकीय कर्तव्यातच मोडतं.

‘माणसं मरत असताना परवान्याची कागदपत्रं कसली मागता?’

हा आक्षेप मी कित्येकदा ऐकलाय, आणि त्यातली चीड समजते. रस्त्यात कोणी कोसळलं तर प्रथमोपचार करायला कुठलाही कागद लागत नाही, लागू नये. पण शिबिरात बसून औषधं लिहिणं, शस्त्रक्रिया करणं ही वेगळी गोष्ट. डॉक्टरची नोंदणी साधारणपणे त्या देशापुरती किंवा प्रांतापुरती असते. बाहेर गेलात की कायद्याने तुम्ही डॉक्टर उरतच नाही, जोवर तिथलं सरकार तात्पुरती परवानगी देत नाही तोवर.

आणि हा नियम निव्वळ सरकारी खाक्या नाही. गोंधळात तोतयेही येतात. गळ्यात स्टेथोस्कोप घालायला पदवी लागत नाही आणि पडझड झालेल्या गावात तुमचं प्रमाणपत्र खरं की खोटं हे तपासायला कोणाला वेळ? हे तपासणं शांत काळात करून ठेवायचं काम आहे. अमेरिकेत २००५ च्या ‘कतरिना’ वादळात परराज्यांतले डॉक्टर मदतीला तयार असूनही परवान्याच्या घोळात अडकले होते. त्यानंतर २००६ मध्ये तिथे राज्यांनी अशा स्वयंसेवकांचे परवाने आपत्काळात कसे मानावेत याचा नमुना कायदा तयार झाला. त्यातली मुख्य अट काय? स्वयंसेवकाचं नाव नोंदवहीत आधीपासून असावं. थोडक्यात, तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

म्हणून एकट्या डॉक्टरला खरा रस्ता एकच: आधीपासून उभ्या असलेल्या पथकाचा भाग व्हायचं. ते सरकारी आपत्ती पथक असेल, रेड क्रॉस वा रेड क्रेसेंटची तुमच्या देशातली संस्था असेल, तुमच्या विषयाच्या डॉक्टरांची संघटना असेल, किंवा १९७१ पासून काम करणारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारखी संस्था असेल. नोंदणी, मुलाखत, प्रशिक्षण, तालीम, सगळं आलं. वेळखाऊ आहे. पण मग फोन येतो तेव्हा तो ‘या’ म्हणणारा असतो.

फोन आलाच, तर ‘हो’ म्हणण्याआधी मी काही गोष्टी विचारून घेईन. मला तिथे बोलावलंय कोणी, आणि माझा वरिष्ठ कोण? तिथे काम करायची कायदेशीर परवानगी कोण काढणार? माझ्या हातून चूक झाली तर विमा कोणाचा, आणि मलाच काही झालं तर? राहणं, पाणी, परतीची सोय काय? आणि शेवटचा, ज्याचं उत्तर सहसा गुळमुळीत मिळतं: मी परत आल्यावर माझे रुग्ण कोण बघणार? या प्रश्नांना नीट उत्तरं नसतील तर ती संस्था कितीही नावाजलेली असो, मी जाणार नाही.

‘पण मी डॉक्टर आहे, काहीही करीन’

हे वाक्य मोठ्या मनाचं आहे आणि धोक्याचंही. रोज जे करता तेच तिथे करावं, हा नियम पाळावा. वीस वर्षांत हाड न बसवलेल्याने भूकंपात सुरुवात करू नये. नेहमीच्या सवयीसुद्धा तिथे दगा देतात. दवाखान्यात जखम आली की धुऊन शिवायची, हा आपला हात. पण ढिगाऱ्यातली जखम म्हणजे माती, चिखल, मेलेलं मांस. ती लगेच शिवून टाकली की आत पू कोंडतो. इथे जखम साफ करून, मेलेला भाग काढून, उघडीच ठेवायची आणि काही दिवसांनी स्वच्छ दिसली तर मग शिवायची. धनुर्वाताचंही तसंच. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात महिन्याभरात धनुर्वाताचे शंभराहून अधिक रुग्ण आले. लसीकरणामुळे अनेक डॉक्टरांनी हा आजार फक्त पुस्तकात बघितलेला असतो.

उलट, आपला काही उपयोग नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्या कामाला तिथे तोटा नसतो. पुरानंतरच्या छावणीत त्वचारोगतज्ज्ञापुढे खरूज आणि बुरशीची रांग लागते. दाटीवाटीने राहणाऱ्या छावणीत गोवराच्या लसीकरणाची आखणी करणारा डॉक्टर दहा शल्यचिकित्सकांइतके जीव वाचवतो, फक्त त्याचा फोटो कोणी काढत नाही. फिजिओथेरपिस्टची गरज तर पहिल्या दिवसापासून असते आणि त्यांना बोलवायचं सुचतं शेवटी.

जाता जाता एक गैरसमज: आपत्तीत मेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथी पसरतात असं सर्रास बोललं जातं. जखमांनी किंवा बुडून गेलेल्यांच्या देहांतून साथ पसरत नाही; कॉलरा-इबोलासारख्या आजाराने गेलेल्यांची गोष्ट वेगळी. घाईघाईत सामूहिक दफन झालं की ओळख पटत नाही आणि घरच्यांना पुढे कित्येक वर्षं ना मृत्यूचा दाखला मिळतो ना मनाला शांतता. एखाद्या डॉक्टरने हे अधिकाऱ्यांना ठामपणे सांगितलं तरी मोठं काम झालं.

औषधं पाठवू का?

आता माझ्या टेबलाच्या खणाकडे येतो. त्यात औषधांचे नमुने आहेत, तुमच्याही असतील. ते आपत्तीग्रस्तांना पाठवावेत असं वाटणं साहजिक आहे. तरी पाठवू नका.

१९८८ च्या आर्मेनिया भूकंपानंतर तिथे सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. काय आलंय याचा नुसता अंदाज यायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के माल पोचला तेव्हाच मुदत संपलेला होता, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेला. उरलेल्यातला फक्त ३० टक्के माल सहज ओळखता येत होता. आचेमध्येही त्सुनामीनंतर सुमारे ४,००० टन औषधं आली आणि बहुतेक खोक्यांवरची लेबलं तिथल्या लोकांना न वाचता येणाऱ्या भाषांत होती. पुढे शेकडो टन नष्ट करायची पाळी आली, तीही खर्च करून. औषध कचऱ्यात फेकता येत नाही, ते जाळायलाही विशेष भट्टी लागते. म्हणजे आपण दान दिलं आणि त्यांच्या बोकांडी बसवला कचरा. भीक नको पण कुत्रा आवर, असं तिथला औषधपाल म्हणाला असता तर त्याला दोष देता आला नसता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये इतर संस्थांबरोबर औषधदानाचे नियम काढले. गाभा असा: मागितलं असेल तेच द्या. त्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत असेल तेच द्या. पोचल्यावर किमान वर्षभराची मुदत उरलेली असावी. लेबल तिथल्या डॉक्टरांना कळेल अशा भाषेत, मूळ औषधाच्या नावासकट. आणि रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या किंवा फुकटचे नमुने अजिबात नकोत. आपल्या रुग्णाला जे द्यायला आपण कचरू, ते दुसऱ्याच्या रुग्णाला चालेल असं कसं?

‘मग औषधं येतात कुठून?’ तयार संच असतात. १०,००० माणसांना तीन महिने पुरेल असा एक प्रमाणित आपत्कालीन आरोग्यसंच आहे. त्यात काय आणि किती हे आधीच ठरलेलं, खोकी क्रमाने बांधलेली. पेटी उघडणाऱ्याला आत काय आहे हे उघडण्याआधी माहीत असतं.

रक्ताचंही असंच काहीसं. आपत्तीच्या दिवशी रक्तपेढीबाहेर रांगा लागतात. तांबड्या पेशी सहाएक आठवडे टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच-सात दिवस. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं तर काही वाया जातं आणि दोन महिन्यांनी पेढी पुन्हा रिकामी. रक्तपेढीने हाक दिली तर जरूर जा. नाही तर तारीख लिहून ठेवा आणि दीड महिन्याने जा.

पैसे देणं म्हणजे पळवाट ना?

डॉक्टरांना हा पर्याय सर्वांत कमी आवडतो, असा माझा अनुभव. चेक फाडणं म्हणजे हात झटकणं वाटतं. पण हिशोब बघा. एका डॉक्टरच्या विमानाच्या तिकिटात आणि आठवड्याच्या खर्चात तिथल्या, बेघर झालेल्या, भाषा आणि गल्ल्या ठाऊक असलेल्या परिचारिकेचा पगार बराच काळ निघू शकतो. पैशाला कस्टमचा खोळंबा नाही, मुदत नाही, गोदाम लागत नाही. आज तंबू हवा असेल तर तंबू, उद्या डायलिसिसची नळी हवी असेल तर नळी. शिवाय खरेदी जवळपास झाली तर तिथली बंद पडलेली दुकानंही हलायला लागतात.

‘पण पैसे मधल्या मध्ये खाल्ले जातात.’ जातातही काही ठिकाणी. म्हणून आपत्तीच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेल्या संस्थेला देऊ नका. आधीपासून त्या भागात काम करणारी आहे का, हिशोब तपासून जाहीर करते का, हे बघा. मात्र ‘माझा एकही पैसा पगारावर आणि डिझेलवर जाता कामा नये’ असा हट्टही नको. ॲम्ब्युलन्स पुण्याईवर चालत नाही.

आणि शक्य असेल तर ‘याच आपत्तीसाठी’ अशी अट घालू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर जेमतेम आठवड्याभरात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने जाहीर केलं होतं की या कामापुरता पैसा जमला, आता त्सुनामीसाठी पाठवू नका. मग देणगीदारांना विचारलं, जास्तीचा पैसा दुसरीकडच्या संकटांसाठी वापरू का? बहुतेकांनी होकार दिला. एखाद्या संस्थेने पैसे नको म्हणणं किती दुर्मीळ! माझ्या मते तिच्यावर विश्वास टाकायला तेवढं पुरे.

न जाताही बरंच होतं

तुमच्या रुग्णालयातला प्रशिक्षित सहकारी पथकाबरोबर गेला तर त्याच्या रात्रपाळ्या कोण करणार? ‘तू जा, मी तीन आठवडे तुझे रुग्ण बघतो’ म्हणणारा डॉक्टर हा त्या पथकाचाच माणूस आहे. त्याचं नाव बातमीत येणार नाही, एवढाच फरक.

दूरवरून सल्ला देणं हेही नवं नाही. आर्मेनियाच्या भूकंपानंतर १९८९ मध्ये नासाने उपग्रहाच्या मदतीने अमेरिकेतली रुग्णालयं आर्मेनियाची राजधानी येरेवान इथल्या रुग्णालयाशी जोडली होती आणि भाजलेल्या, जखमी, मनाने खचलेल्या रुग्णांविषयी दोन्हीकडचे डॉक्टर चर्चा करत होते. आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, म्हणून त्यासाठी दोन महासत्तांची परवानगी लागली. आज फोनवर एक्स-रे येतो. मात्र हेही पथकाच्या मार्फत, ठरलेल्या वेळी आणि रुग्णाची ओळख झाकून. अनोळखी ग्रुपवर रुग्णाचा चेहरा टाकून ‘मत द्या’ हा प्रकार नको.

मनाच्या जखमांबाबत एक सूचना. ‘काय झालं ते सगळं सांगा, मन मोकळं करा’ म्हणून एकाच बैठकीत माणसाला घडलेलं उकरायला लावण्याची पद्धत एकेकाळी जोरात होती. जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करत नाही. मानसिक प्रथमोपचार म्हणजे तीन साध्या गोष्टी: बघा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची गरज आहे ते बघा, बोलायचं असेल त्याचं ऐका, आणि पाणी, निवारा, हरवलेलं माणूस, जे हवं त्याच्याशी जोडून द्या. परत आलेल्या डॉक्टरलाही हे लागू आहे. घरी आल्यावर महिनाभर झोप लागली नाही तर ते अशक्तपणाचं लक्षण नव्हे, सहकाऱ्याला सांगा.

चौथ्या महिन्याचं काय?

कॅमेरे साधारण दोन-तीन आठवड्यांत निघून जातात. पथकं महिन्या-दीड महिन्यात आवरतं घेतात. आणि तेव्हा तिथले डॉक्टर, जे पहिल्या तासापासून उभे आहेत, ज्यांच्या स्वतःच्या घरावर अजून ताडपत्री आहे, ते थकून बसतात. त्यांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून कोणी येईल का, असं विचारणारी पत्रं तेव्हा निघतात. त्यांना उत्तरं कमी येतात.

पाय गमावलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा पहिला कृत्रिम पाय कदाचित वर्षअखेरीस बसेल. मूल वाढतं, कृत्रिम पाय वाढत नाही. साधारण वर्ष-दोन वर्षांनी तो बदलावा लागतो, मध्ये कापलेल्या हाडाचं टोक वाढून पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, आणि हे ते मूल मोठं होईपर्यंत चालतं. तिथला अस्थिरोग विभाग तेव्हा माणसं मागत असतो, रीतसर, पत्र पाठवून, तारखा देऊन. रजेचा अर्ज तेव्हासाठी राखून ठेवा.